रंग नंतर, आधी रबर

परवा सोसायटीच्या बेसमेंटमध्ये एक जुनी होंडा सिटी दिसली. पहिल्या पिढीतली, तीच ती बुटकी. कव्हर अर्धवट सरकलं होतं म्हणून दिसली, एरवी कळलंही नसतं. रंग असा चकचकीत की त्यात बघून भांग पाडावा. मूळची तेरा इंची चाकं जाऊन पंधरा इंची ॲलॉय, जाडजूड सायलेन्सर, लाल टाके घातलेली सीट कव्हरं. मी आपला मांजरासारखा गाडीभोवती घुटमळत होतो, तेवढ्यात मालकच आला. आपल्यासारखाच आयटीवाला, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. जुन्या गाडीचं वेड असलेली दोन माणसं भेटली की पहिल्या मिनिटातच अरे-तुरे सुरू होतं, तसं झालं.

"पूर्ण रिस्टोअर केलीय," तो म्हणाला.

"भारी! टायमिंग बेल्ट कधी बदललास?"

"तो... बघायला लागेल रे. पण मी फार चालवत नाही ना, रविवारी सकाळी फक्त."

तर मंडळी, आजचं भांडण या "पूर्ण रिस्टोअर"शी आहे.

ज्या गाडीचा मालक तिला सोमवारी सकाळी साडेआठला हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये न्यायला घाबरतो, ती गाडी रिस्टोअर झालेली नाही. रंगवलेली आहे. हे वाक्य काही लोकांना झोंबेल, झोंबू दे. ही सिटी भारतात जानेवारी १९९८ मध्ये आली, ग्रेटर नोएडाच्या कारखान्यात बनायची. ती काही फेरारी नव्हती. डॉक्टर, सीए, छोटे कारखानदार असल्या लोकांची रोज कामावर जायची गाडी होती ती. झेन, एस्टीम, बलेनो, लान्सर यांचंही तेच. २००० साली आलेलं सिटीचं व्हीटेक दीड लिटरमधून १०६ बीएचपी काढायचं, त्याची पोरांमध्ये दंतकथा झाली ते सोडा. (आमची व्हीटेक नाही. उगाच फुशारकी नको.) या जपानी गाड्यांचं खरं कौतुक एकच होतं: किल्ली फिरवली की सुरू व्हायच्या. रोज. म्हणजे पूर्ववत करायचं असेल तर हेच पूर्ववत करायला हवं ना? की फक्त बोनेटची चमक?

आता कबुली. हे शहाणपण घेऊन मी जन्माला आलो नाही. मीही हाच गाढवपणा केला, आणि आईला मागच्या सीटवर बसवून केला.

आमची सिटी बाबांची, २००२ची. लॉकडाऊनमध्ये जी उभी राहिली ती जवळजवळ दोन वर्षं. मग २०२२ला री-पासिंगची तारीख आली तेव्हा घरात चर्चा झाली, विकायची की ठेवायची. मला नुकतीच बरी नोकरी लागली होती, हात खाजत होते. म्हटलं, मी करतो रिस्टोअर. एका नावाजलेल्या गॅरेजला दिली. दोन महिन्यांनी गाडी आली, एक लाख चाळीस हजारांचं बिल आलं आणि बाबा गाडीभोवती फिरून नुसते हसत राहिले. त्या बिलातले जवळपास एक लाख डेंटिंग-पेंटिंग आणि सीटचे होते. बाकीच्यात "जनरल सर्व्हिसिंग" अशी एक ओळ होती. त्या ओळीत काय काय येतं हे मी विचारलं नाही. ऑफिसात दुसऱ्याच्या कोडमधल्या एकेका ओळीवर वीस कॉमेंट टाकणारा मी, इथे बिल न वाचता पैसे देऊन मोकळा.

पुढच्याच महिन्यात आम्ही ताम्हिणी घाटातून कोकणात निघालो. बाबा पुढे, आई मागे. उतार लागला. मी चौथ्या गिअरमध्ये, प्रत्येक वळणाला ब्रेक दाबत, गाणी ऐकत चाललेलो. अर्ध्या उतारावर पेडल मऊ लागायला लागलं. पुढच्या वळणाला आणखी मऊ. आणि त्याच्या पुढच्याला पाय खालपर्यंत गेला, गाडी मात्र तशीच पळतेय. बाबा शांतपणे म्हणाले, "गिअर उतरव." तिसरा, मग दुसरा, इंजिन किंचाळलं, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या मातीत थांबली. आईनं फक्त एवढंच विचारलं, "काही बिघडलं का रे?" मला उत्तर देता येईना, तोंड कोरडं पडलं होतं.

अर्ध्या तासानं पेडल आपोआप परत कडक झालं. हे जास्त भयंकर आहे. कारण सपाट रस्त्यावर, शहरात, गॅरेजच्या दारात ते कडकच असणार होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि जितकं पाणी जास्त तितकं ते कमी तापमानाला उकळतं. उतारावर ब्रेक तापले, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे झाले. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, त्यामुळे पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. थंड झालं की वाफ विरते आणि गाडी निष्पाप चेहरा करून उभी! परत आल्यावर आमच्या चाचांनी (नाना पेठेजवळ त्यांचं एक-शटरी गॅरेज आहे) डब्याचं झाकण उघडलं. आतलं ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या रबरी होजला भेगा. चाचांनी नव्या रंगावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "बेटा, मेकअप अच्छा है."

ऑइल, होज, पॅड, मागच्या ड्रमचे शू आणि सिलिंडरचे रबर असं सगळं बदलून खर्च आला सीट कव्हरांपेक्षा कमी.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे: आधी रबर. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत लोखंड सहसा दगा देत नाही. हे इंजिन वेळेवर ऑइल बदलत राहिलं तर तुमच्या-माझ्यापेक्षा चिवट आहे. मरतं ते रबर. कूलंटचे होज, पेट्रोलचे पाइप, ब्रेकचे होज, सस्पेन्शनचे बुश, अ‍ॅक्सलचे बूट, इंजिन फाउंडेशन, ऑइल सील. आणि टायर! टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी कितीही शिल्लक असली तरी ते आकडे वाचा. रविवारी चालणाऱ्या गाड्यांचे टायर झिजून नाही, म्हातारे होऊन जातात.

आणि टायमिंग बेल्ट. तोही रबरच. या सिटीच्या इंजिनात तो तुटला तर पिस्टन वर येऊन उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हना धडकतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. मग हेड उतरवा. त्यानं आधी इशारा द्यावा, आवाज करावा, असं काही नसतं. "फार चालवत नाही" हे उत्तर इथे चालत नाही, कारण बेल्टची मुदत किलोमीटरमध्ये असते तशी वर्षांतही असते, जे आधी संपेल ते. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो, त्यामुळे बेल्ट काढलाच आहे तर पंप आणि टेन्शनरही बदलून टाकायचे, मजुरी एकदाच पडते. याचा फोटो कुणी काढत नाही, प्लास्टिकच्या झाकणाआड असतो सगळा मामला.

रबरानंतर नंबर येतो विजेचा. इथे आपल्या लोकांना मजा येईल. माझी गाडी दुपारी ऊन खाऊन उभी राहिली की सुरूच व्हायची नाही, संध्याकाळी मुकाट सुरू. एकानं बॅटरी बदल सांगितलं, एकानं पेट्रोल पंप. त्या काळातल्या होंडांचा हा जगभर गाजलेला आजार आहे: डॅशबोर्डखालचा मेन रिले. त्याच्या आतल्या सोल्डरला वर्षानुवर्षांच्या तापण्या-थंडावण्यानं केसाएवढ्या भेगा पडतात, गरम झालं की जोड उघडतो आणि पेट्रोल पंपाला वीजच मिळत नाही. ओळखायची खूण सोपी. किल्ली ऑन केली की मागून दोनेक सेकंद पंपाचा बारीक घूंऽऽ आवाज यायला हवा. नाही आला तर रिलेवर संशय घ्या. मी तो काढला, कॉलेजातली सोल्डरिंग गन शोधली, जोड पुन्हा वितळवले. खर्च शून्य. चार वर्षांच्या इंजिनिअरिंगचा इतका थेट उपयोग मला नोकरीत अजून झालेला नाही :-)

बरं, हे दोष मला कळले कसे? रोज चालवून. ही माझी मुख्य तक्रार आहे शोपीसवाल्यांकडे. झाकून ठेवलेली गाडी जपली जाते हा भ्रम आहे. उभ्या गाडीचे सील सुकतात, ब्रेकच्या डिस्कला गंज चढतो, बॅटरी उतरते, उंदीर वायरी खातात (पुणेकरांना सांगायला नको). त्यात आता पंपावर सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलही पाणी ओढतं, म्हणजे महिनोन्महिने टाकीत पडलेलं पेट्रोल चांगलं नाहीच. जुन्या गाड्यांत या इंधनावर २०-३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःच म्हटलंय. मग बदलावेत, इथेनॉलला चालणारे होज बसवावेत, पेट्रोल ताजं ठेवावं आणि गाडी फिरवावी. मायलेज थोडं पडतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जाच तिसऱ्या हिश्श्यानं कमी असते, त्याला गाडी काय करणार?

आता दुसरी पार्टी. "भंगारात घाल रे" पार्टी. आमच्या टीममधला एकजण सात वर्षांच्या ईएमआयवर एसयूव्ही घेऊन मला रोज पैशांचं ज्ञान देतो. त्याला मी उत्तर देत नाही. पण त्यातला एक मुद्दा खरा आहे आणि तो टाळणं लबाडी होईल: सुरक्षितता. माझ्या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही. भारतात नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं २०१९ला, पुढच्या दोन एअरबॅग २०२१ला. कितीही बुश बदलले तरी २००२चा पत्रा आजच्या गाडीसारखी टक्कर झेलणार नाही. म्हणून मी तिला एक्सप्रेसवेवर रात्री नेत नाही, आणि बहिणीच्या छोट्या मुलाला घेऊन लांब जायचं तर बहिणीची नवी गाडी काढतो. पण यातूनच माझा मुद्दा आणखी पक्का होतो. ज्या गाडीत धडक झाल्यावर वाचवणारं काही नाही, तिच्यात धडक न होऊ देणाऱ्या वस्तूंवर पहिला रुपया जायला नको? ब्रेक, टायर, बुश, दिवे, सीटबेल्ट. बेल्टसुद्धा कापडच आहे, पंचवीस वर्षं उन्हात पडलेलं.

प्रदूषणाचंही तसंच. २०२० पासूनच्या बीएस-६ गाडीशी ती बरोबरी करूच शकत नाही, मान्य. पण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून तिथे भोंगा बसवणाऱ्यांनी तरी यावर तोंड उघडू नये. हरित लवादाच्या आदेशांमुळे दिल्लीत २०१५ पासून घोळ चाललाय तसा वयावर बंदीचा नियम आपल्याकडे नाही, फी मात्र वाढत चालली. कारच्या नोंदणीच्या नूतनीकरणाला २०२२ पर्यंत ६०० रुपये लागायचे, मग ५००० झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला १०,००० केले. मला २०२७ला भरायचे आहेत. भरीन. पण फीऐवजी ब्रेकची कडक तपासणी वाढवली असती तर जास्त आनंदानं भरले असते.

गंमत म्हणजे खुद्द जपानमध्येही असंच आहे. तिथे तेरा वर्षांवरच्या पेट्रोल गाडीला वार्षिक कर सुमारे १५ टक्के जास्त, वर दर दोन वर्षांनी ती कडक तपासणी, शाकेन. म्हणून लोक आधीच गाडी काढून टाकतात. कंपन्या जुन्याची काळजी घेतात, नाही असं नाही. होंडा १९९३ पासून एनएसएक्सला नवी करून देते, माझदा २०१७ पासून पहिल्या रोडस्टरला, निसान त्याच वर्षापासून जुन्या स्कायलाइन जीटी-आरचे पार्ट पुन्हा बनवते. सगळ्या स्पोर्ट्स कार! कामावर जाणाऱ्या सिटीच्या इंजिन फाउंडेशनसाठी मात्र मी दर दुसऱ्या रविवारी नाना पेठ आणि जुना बाजार पालथा घालतो, आणि दुकानदार मला "ओरिजिनल आहे साहेब" म्हणत शुद्ध डुप्लिकेट दाखवतो. हौसेच्या गाडीला वारसा म्हणायचं आणि कामाच्या गाडीला भंगार, हा हिशोब माझ्या डोक्यात बसत नाही.

असो. बेसमेंटमधल्या त्या दोस्ताला मी चाचांचा नंबर देऊन ठेवलाय. याला चार महिने झाले. मध्ये त्यानं दोन वेळा फोटो पाठवले, नव्या सिरॅमिक कोटिंगचे. बेल्टची तारीख मी अजून विचारतोय.