शिकाऱ्यांचा तंबू आणि आपली मेस

टीव्हीवर शिकार दिसली की आमच्या विंगमध्ये "रानटी आहेत लेकाचे!" असा गलका होतो. मला हे पटत नाही.

अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरांत ऑक्टोबरमध्ये एल्कच्या शिकारीचे कॅम्प पडतात. एल्क म्हणजे सांबराहून मोठं हरीण. जाड कॅनव्हासचा तंबू, आत लाकडाची शेगडी, बाहेर बांधलेली खेचरं. पहाटे अंधारात, कडाक्याच्या थंडीत निघायचं आणि दिवसभर डोंगर चढायचा. बहुतेक जण रिकाम्या हाताने परततात (आपल्या कॅम्पस इंटरव्ह्यूसारखंच!). गोळी लागलीच, तर खरी हमाली पुढे. जागेवरच कातडं काढायचं, तुकडे करायचे, मांस गार ठेवायचं आणि पाठीवरून नाहीतर खेचरावरून खाली आणायचं. खाण्याजोगं मांस रानात टाकून दिलं तर तो तिथे चक्क गुन्हा आहे. शिवाय १९३७ च्या कायद्यानुसार रायफल-काडतुसांवरचा कर वन्यजीव रक्षणाला जातो.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकारीला लगाम घातला, ते योग्यच झालं. आपली जंगलं उरलीत किती? पण त्या लोकांना शिव्या घालण्याआधी रविवारी रात्री मेसमधल्या खरकट्याच्या बादलीत जरा डोकावून बघा. चिकनचे मोठमोठे पीस पडलेले असतात, दातही न लागलेले.