चेहऱ्याच्या लालीवर नव्या औषधाची चाचणी. सही करण्याआधी काय विचारावे?

गाल लाल झाले की आपल्याकडे ‘ऊन लागलं’ म्हणून विषय संपतो. पण गाल, नाक, कपाळावरची लाली महिनोन्महिने हटत नसेल. ऊन, गरम चहा, तिखट जेवणाने वाढत असेल, तर तो ‘रोझेशिया’ असू शकतो. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही, त्यामुळे निदानही लांबते. त्यात मेडिकलमधून परस्पर आणलेले स्टेरॉइड मलम लावले, तर लाली आणखी चिवट होते. अशा मलमांना २०१८ पासून डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची आहे.

चाचणीत काय होते?
सहभागींचे सहसा दोन गट पडतात. एकाला औषध, दुसऱ्याला औषध नसलेले तसेच दिसणारे मलम. कोण कुठल्या गटात, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते. म्हणजे चाचणी हा हमखास उपचार नव्हे. ब्रिमोनिडिन जेलला अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळाली. ते रक्तवाहिन्या आकसवून काही तास लाली घटवते. पण असर उतरल्यावर काहींची लाली पूर्वीपेक्षा वाढली. म्हणून ‘लाली किती घटते’ इतकेच ‘नंतर काय होते’ हेही विचारा.

हक्क कोणते?
२०१९ च्या नियमांनुसार नैतिक समितीच्या मंजुरीशिवाय नव्या औषधाची चाचणी करता येत नाही. माहिती तुम्हाला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे, संमतीपत्राची प्रतही. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. कारण न देता केव्हाही बाहेर पडता येते; त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. चाचणीची नोंद ‘सीटीआरआय’ या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही मोफत पाहता येते.

आमचे म्हणणे
‘डॉक्टर म्हणाले, म्हणून सही केली’ ही संमती नव्हे. कागद घरी न्या, घरच्यांना वाचून दाखवा. नांदेड आणि लातूर, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत; तिथल्या त्वचारोग विभागात, चाचणीशी संबंध नसलेल्या डॉक्टरांचे मत घ्या. चाचण्यांशिवाय नवी औषधे येणार नाहीत, हे खरे. पण स्वतःचा चेहरा पुढे करणाऱ्या माणसाला कागद वाचायला दोन दिवसही मिळत नसतील, तर त्याने ‘नाही’ म्हणावे. तो हक्कही त्याचाच आहे.