बोटीतील जागा आणि रयतेचा पैसा

कर्जत स्थानकावर घाट चढणाऱ्या गाड्यांस मागून जादा इंजिने जोडतात, हे आमच्या कर्जत-खालापूरच्या वाचकांस नित्याचेच आहे. इंग्रजी अमलात पावसाळ्यात मुंबई सरकारचा मुक्काम पुण्यास असे. तेथील गोरे अंमलदार विलायतेस निघाले म्हणजे याच घाटाने उतरून मुंबई बंदर गाठीत. त्यांच्या बोटीचे भाडे कोण भरतो, हे मात्र येथील रयतेस कोणी सांगितले नाही.

१९२४ साली ली कमिशनने वरिष्ठ नोकरीतील युरोपियन अधिकाऱ्यास व त्याच्या पत्नीस चार वेळा विलायतेस जाण्यायेण्याचा खर्च देण्याची शिफारस केली. ती अमलात आली व भार हिंदुस्थानच्या तिजोरीवर, म्हणजे आमच्या शेतसाऱ्यावर व करांवर पडला.

युद्धकाळी या सोयीची खरी परीक्षा होते. ३० डिसेंबर १९१५ रोजी मुंबईस येणारी ‘पर्शिया’ बोट क्रीटजवळ जर्मन पाणबुडीने बुडविली. तीनशेंहून अधिक माणसे दगावली. २३ नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून आफ्रिकेस निघालेली ‘तिलावा’ जपानी पाणबुडीने बुडविली; ९५८ पैकी २८० जीव गेले, त्यांत बहुतेक हिंदी उतारू व खलाशी होते. पाणबुडी कोणाचा दर्जा पाहत नाही. दर्जा पाहते ती जागा वाटणारी कचेरी. त्याच वर्षी ब्रह्मदेशातून लक्षावधी हिंदी लोकांस रानावनांतून पायी यावे लागले, आणि कित्येक वाटेतच मेले.

युद्धकाळी कामावर निघालेल्या अधिकाऱ्यास आधी जागा द्यावी, यास आमची हरकत नाही. मात्र ती जागा कामासाठी असावी, हुद्द्यासाठी नसावी. हा भेद न पाळल्यास राज्य आपल्या नोकरांचे होते, रयतेचे राहत नाही.

स्वतंत्र भारताच्या आरमाराने २०१५ साली येमेनमधून व २०२३ साली सुदानमधून सामान्य कामकरी माणसांसही बोटींवर घेऊन सोडविले, हे पाहून समाधान वाटते. परंतु चांगली वागणूक एखाद्या अधिकाऱ्याच्या सौजन्यावर अवलंबून राहू नये. संकटकाळी बोटीत आधी कोणास घ्यावयाचे, याचा क्रम सरकारने शांततेच्या काळीच ठरवून जाहीर करावा. आजारी, बायका, मुले व निराधार यांस त्यात अग्रमान असावा. ज्यांची मुले आखातात वा जहाजांवर नोकरीस आहेत, त्या आमच्या व्यापारी व शेतकरी बांधवांनी ही मागणी आपल्या प्रतिनिधींपुढे आजच मांडावी; वादळ उठल्यावर नियम करावयास कोणास सवड नसते.