केस किती झाकायचे? ज्यू धर्मातही एकमत नाही!

हिजाबचा वाद कोर्टात गेला की एक प्रश्न हमखास निघतो: धर्मात हे बंधनकारक आहे का? त्याचं उत्तर किती अवघड असतं, हे ज्यू परंपरेत दिसतं.

तिथे लग्न झालेल्या स्त्रीने केस झाकायचे असतात. पण किती? काही पंथांत एक बटही बाहेर आलेली चालत नाही. रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी मात्र साधारण दोन बोटं केस दिसले तरी चालतील, अशी मुभा दिली. काही जणी विग घालतात. २००४ मध्ये विगमधले केस तिरुपतीला वाहिलेले असतात, या कारणावरून रब्बी एल्याशिव यांनी असे विग निषिद्ध ठरवले. न्यूयॉर्कमध्ये विग जाळले गेले. कोकणातल्या बेने इस्राएल स्त्रिया तर साडीचा पदरच डोक्यावर घेत आल्या.

धर्म एक, मापं अनेक.

२०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने हिजाब ही इस्लाममधली अनिवार्य प्रथा नसल्याचं म्हटलं. सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची मतं विभागली. न्या. सुधांशू धुलिया यांच्या मते हा मुलींच्या निवडीचा आणि शिक्षणाचा प्रश्न होता. २०२४ मध्ये चेंबूरच्या कॉलेजमधील हिजाबबंदीलाही सर्वोच्च न्यायालयाने अंशतः स्थगिती दिली.

धर्मग्रंथात माप शोधताना मुलीचं कॉलेज सुटत नाही ना, हा प्रश्न आधी यायला हवा.