मासे धरायला निघण्याआधी



पोळा झाला, निंदण-डवरण आटोपलं, कपाशीच्या वेचणीला अजून अवकाश आहे. अशा मोकळ्या दिवसांत घरचे पोट्टे कोपऱ्यातली बांबूची काठी काढतात अन् म्हणतात, "बाबा, चाला ना मासे धराले!"

जा, जरूर जा. पण पेरणीआधी आपण बियाणं अन् तिफण पाहून घेतो, तशी याचीही तयारी असते.

आधी सामान पाहू. काठी, नायलॉनची दोरी, दोन-चार गळ, वजनाला एखादा जुना नट अन् तरंगायला ज्वारीच्या धांड्यातलं भेंड. कटला पाण्याच्या वरच्या थरात खातो, रोहू मधल्या थरात अन् मृगळ तळाशी. म्हणून भेंड वर-खाली सरकवून गळ किती खोल सोडायचा ते ठरवा. रोहू-मृगळासाठी कणकेचा घट्ट गोळा चालतो. उकिरड्याजवळच्या ओल्या मातीत गांडुळंही मिळतात. मासे आणायला ओलं फडकं अन् टोपली घ्या. उन्हात मासा लवकर नासतो.

एवढं झालं की पोट्ट्यांची तयारी संपते. तुमची इथून सुरू होते.

आधी विचारा, पाणी कुणाचं? महानचं काटेपूर्णा धरण असो की मोर्शीजवळचं अप्पर वर्धा, अशा जलाशयांत मासेमारीचा ठेका मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना दिला जातो. तिथे मत्स्यबीज पैसे खर्चून सोडतात. रोहू, कटला, मृगळ हे नदीच्या पुरात अंडी घालतात, तळ्याच्या साचल्या पाण्यात घालत नाहीत. १९५७ साली हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञाने माशांना ग्रंथीचा अर्क टोचून अंडी घालायला लावण्यात यश मिळवलं, अन् मग असं बीज तयार करता येऊ लागलं. म्हणजे ते तळं कुणीतरी पेरलेलं वावरच समजा. दुसऱ्याच्या वावरातला हरभरा आपण न विचारता उपटतो का?

दुसरं, काय धरायचं नाही ते ठरवून निघा. पावसाळ्यात पाण्यावर बारीक पिलांचा थवा दिसला अन् त्याखाली मोठी मरळ फिरताना दिसली, तर गळ मागे घ्या. मरळ आपली पिलं राखते. ती धरली की इतर मासे पिलं फस्त करतात. एका जेवणापायी पुढल्या वर्षीचं पीक जातं. अन् फवारणीचं औषध पाण्यात ओतणं किंवा मोटारीची तार पाण्यात सोडणं, हे तर मनातही आणू नका. ते पाणी आपलीच गुरं पितात, अन् तारेला मासा अन् माणूस सारखाच.

तिसरी तयारी जिवाची. पूर्णा सातपुड्यात, बैतूल जिल्ह्यात उगम पावते. आपल्याकडे लख्ख ऊन असतं अन् वर पाऊस कोसळत असतो. पाणी एकाएकी गढूळ झालं, काडीकचरा वाहत येऊ लागला, की टोपली तिथेच टाकून काठावर चढा. धरणाखाली बसायचं तर दरवाजे उघडणार आहेत का, ते आधी विचारा. नावेत जास्तीचा एकही माणूस घेऊ नका. २०२१ च्या सप्टेंबरात वरुड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटून ११ जण बुडाले, ते आपण विसरलो नाही.

घरच्या शेततळ्यालाही कमी लेखू नका. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेतून पुष्कळ वावरांत तळी झाली. अस्तराचं प्लास्टिक शेवाळाने इतकं निसरडं होतं, की पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. काठावर पक्की खुंटी ठोका, गाठी मारलेला दोर तिला बांधून पाण्यात सोडा, अन् हवा भरलेली जुनी ट्यूब जवळ ठेवा. पोट्ट्यांना एकटं पाठवू नका.

मायबहिणींनो, एक काम तुमचं. ते निघाले की कोणत्या घाटावर चालले अन् किती वाजता परतणार, हे विचारूनच भाकरी बांधून द्या.

मासा गळाला लागो न लागो, गेली तेवढी माणसं दिवेलागणीला अंगणात आली पाहिजेत. रश्शाचं मग पाहता येईल.