गाडी उभी होती, म्हणून ऑइल ताजं?

फील्ड पोस्टिंग आली की गाडी गावी राहते. सुट्टीवर आलेला जवान हिशेब मांडतो, "वर्षात दोनच हजार किलोमीटर झाले, त्यात सिंथेटिक ऑइल. बदलायचं कशाला?" हा हिशेब मला मान्य नाही.

मॅन्युअलमध्ये किलोमीटरसोबत महिनेही दिलेले असतात. जे आधी भरेल ते धरायचं. घरची मंडळी गाडी बाजारापर्यंतच नेतात. इंजिन पुरतं तापत नाही, मग पाण्याचा अंश आणि न जळलेलं इंधन ऑइलमध्येच साचतं. सिंथेटिक उष्णतेत जास्त टिकतं, लेहच्या थंडीत ५डब्ल्यू-३० वाहतं तिथे २०डब्ल्यू-५० घट्ट होऊन बसतं, हे सगळं खरं. पण साचलेलं पाणी सिंथेटिकलाही चुकत नाही.

महागडं ऑइल ओतून फिल्टर जुनाच ठेवणारे तर धन्य! फिल्टर तुंबला की बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळताच इंजिनभर फिरतं. दोन-चारशे रुपये वाचवायला इंजिन पणाला लावायचं?

महिनाभर गोळी झाडली नाही म्हणून रायफल साफ करणं आपण कधी सोडलं होतं का? मग गाडीलाच वेगळा नियम का?