वेगवान गाडी का विकतात?

मुलांनो, मांजरसुंब्याच्या घाटात एखादी बुटकी, चकचकीत स्पोर्ट्‌स कार दिसली, की तुम्ही पाहतच राहता. अशा गाड्या घेणारे पुष्कळ जण त्या थोड्याच वर्षांत विकतात. 'हौस फिटली,' असे लोक म्हणतात. मला ते पटत नाही.

सचिन तेंडुलकर यांनी ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली, म्हणून २००२ साली त्यांना फेरारी भेट मिळाली. शर्यतवीर मायकल शूमाकर यांनी ती दिली. ताशी जवळजवळ तीनशे किलोमीटर धावणारी गाडी! २०११ साली तीही सुरतेच्या एका व्यावसायिकाकडे गेली. त्यांचे कारण त्यांना ठाऊक.

पण तुम्हीच विचार करा. त्या गाडीत दोघेच बसतात. मग आई-वडील कोठे बसणार? गतिरोधक आला, की तिचे पोट खरवडते. आपल्या घाटात मालमोटारीमागे ती बैलगाडीच्या चालीने चढते. दारात नुसती उभी राहिली, तरी विम्याचे पैसे भरावेच लागतात. हौस असते हो, पण ती फेडायला रस्ता कोठे आहे?

माझ्या अब्बांची जुनी स्कूटर मी अजून चालवतो. तिचा वेग मात्र विचारू नका.